अष्ठीला ग्रंथीच्या प्रगत कर्करोगातील संप्रेरक-निर्मिती

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अड्याळ हे गाव आहे. धानाची शेती हा या भागाचा मुख्य व्यवसाय. अशा गावातील सत्तरीच्या घरातला एखादा शेतकरी कंबरेचे दुखणे बरेच दिवस अंगावर काढतो, ते वयाचे व कष्टाचे म्हणून सोसतो, आणि अखेरीस भंडाऱ्यास व तेथून नागपुरास नेल्यावर असे आढळते की, अष्ठीला ग्रंथीच्या, म्हणजे व्यवहारात जिला प्रोस्टेट म्हणतात त्या ग्रंथीच्या, कर्करोगाने पाठीच्या कण्यात ठाण मांडले आहे. डॉक्टर दोन मार्ग सांगतात : ठराविक महिन्यांनी टोचून घ्यावयाचे औषध, किंवा दोन्ही वृषणे काढून टाकण्याची एकवारची शस्त्रक्रिया. पैशाचा व प्रवासाचा विचार करून पुष्कळ कुटुंबे दुसरा मार्ग पत्करतात. दुखणे ओसरते, रक्तातील पीएसए हे प्रथिन झपाट्याने उतरते, रोगी पुन्हा बांधावर जाऊ लागतो. मग काही काळाने, कोणाच्या बाबतीत वर्षाने तर कोणाच्या बाबतीत त्याहून बऱ्याच उशिरा, पीएसए पुन्हा चढू लागते. रक्तातील टेस्टोस्टेरोन तपासावे तर ते नगण्यच. ज्या संप्रेरकावर हा रोग पोसला जातो असे सांगण्यात आले होते ते रक्तात उरलेले नसता रोग वाढतो कसा, असा प्रश्न घरची मंडळी विचारतात. या प्रश्नाला एका पिढीपूर्वीपर्यंत जे उत्तर दिले जात असे ते बऱ्याच अंशी चुकीचे होते.

अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग पौरुषजन संप्रेरकांवर अवलंबून असतो हे शिकागो येथील चार्ल्स हगिन्स व क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ साली दाखविले. वृषणे काढल्यावर रोग्याच्या रक्तातील अ‍ॅसिड फॉस्फेटेज हे एंझाइम उतरते व टेस्टोस्टेरोन टोचल्यास चढते, हे त्यांच्या सिद्धांताचे मुख्य प्रमाण होते. या कार्याबद्दल हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कार्यातील एक उपकथा मात्र क्वचितच सांगितली जाते. शस्त्रक्रियेनंतर रोग पुन्हा उठतो हे ध्यानात येताच हगिन्स यांनी अधिवृक्क ग्रंथींवर, म्हणजे वृक्कांच्या माथ्यावरील त्या दोन लहान ग्रंथींवर, संशय घेतला, व १९४५ साली विल्यम स्कॉट यांच्यासह मोजक्या रुग्णांत त्याही काढून पाहिल्या. त्या काळी कॉर्टिसोन औषध म्हणून उपलब्ध नव्हते आणि अधिवृक्काविना मनुष्य जगविणे दुर्घट होते. प्रयोग फसला. संशय मात्र बरोबर होता, हे सिद्ध व्हावयास सहा दशके लागली.

दरम्यानच्या काळात पुन्हा उठलेल्या रोगास ‘संप्रेरक-निरपेक्ष’ असे नाव पडले. एखाद्या रोगास असे नाव पडले की त्यावरील संशोधनाची दिशाही तेच ठरविते. रोग संप्रेरकांवर अवलंबून राहिलेला नाही असे एकदा मानले, म्हणजे संप्रेरकांविरुद्ध नवी औषधे शोधण्याचे प्रयोजनच उरत नाही. वस्तुतः या मताविरुद्धचा पुरावा प्रत्येक रुग्णाच्या तपासणीपत्रिकेत लिहिलेला होता. पीएसए हे प्रथिन तयार करणारे जनुक पौरुषजन ग्राहीच्या आज्ञेवाचून फारसे चालत नाही. हे ग्राही-प्रथिन कोशिकेत असते. संप्रेरक त्यास चिकटले म्हणजे ते केंद्रकात जाऊन ठराविक जनुके जागी करते. तेव्हा पीएसए पुन्हा चढते याचा अर्थ ग्राही पुन्हा कामास लागले आहे. रक्त रिकामे असता ते कामास लागले असेल, तर एक तर त्याला संप्रेरकाची गरज उरली नसावी, किंवा संप्रेरक रक्ताखेरीज अन्यत्र असावे. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. त्यांपैकी दुसरी गोष्ट येथे मुख्यत्वे पाहावयाची आहे.

तिचा मागोवा घेण्यासाठी रक्त सोडून प्रत्यक्ष ऊतकाकडे वळणे अवश्य होते. जॅक गेलर यांनी १९७० नंतरच्या दशकातच अष्ठीला-ऊतकातील डायहायड्रोटेस्टोस्टेरोन मोजून दाखविले होते की, वृषणे काढल्यावरही काही रुग्णांच्या ऊतकात ते दखल घेण्याइतके शिल्लक असते. हे संप्रेरक टेस्टोस्टेरोनपासून बनते व ग्राहीस त्याहून अधिक घट्ट धरून ठेवते. क्वेबेक येथील फेर्नां लाब्री यांनी १९८८ मध्ये या विचारास नाव दिले : संप्रेरक ज्या कोशिकेत तयार होते त्याच कोशिकेत काम करते, रक्तात उतरतही नाही, अशी ही ‘अंतःकोशिकीय’ संप्रेरक-विद्या. तथापि बहुतेकांची खात्री पटली ती २००४ नंतर. त्या वर्षी जेम्स मोहलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा उठलेल्या अर्बुदांतील टेस्टोस्टेरोन हे साध्या वृद्धिंगत ग्रंथीतील प्रमाणाइतकेच असल्याचे दाखविले. डायहायड्रोटेस्टोस्टेरोन पुष्कळ घटलेले होते, परंतु ग्राहीस जागे करण्यास ते पुरेसे होते. २००८ मध्ये सिॲटल येथील मॉन्टगोमेरी व सहकारी यांनी मृत्यूनंतर अल्पावधीत केलेल्या शवविच्छेदनातून दूरस्थ अवयवांतील रोगाचे तुकडे मिळविले. वृषणविरहित अवस्थेतील या रुग्णांच्या तुकड्यांत टेस्टोस्टेरोनचे प्रमाण ग्रॅममागे सरासरी ०.७४ नॅनोग्रॅम होते. उलट ज्यांच्यावर काहीच उपचार झाले नव्हते अशा पुरुषांच्या मूळ अर्बुदात ते केवळ ०.२३ होते. म्हणजे ज्याच्या शरीरातून हे संप्रेरक हद्दपार केले असे समजले जात होते, त्याच्या अर्बुदात ते न काढलेल्यापेक्षा जास्त होते. गेल्या अर्धशतकातील समजुतीला याहून मोठा धक्का क्वचितच कोणत्या दोन आकड्यांनी दिला असेल.

हे संप्रेरक येते कोठून, याचे उत्तर धानाच्या मुलखातील वाचकास चटकन कळण्याजोगे आहे. वृषणांतून येणारे टेस्टोस्टेरोन म्हणजे सडून आणलेला तयार तांदूळ. अधिवृक्क ग्रंथींतून जे येते ते धान होय. ते तसेच शिजवून खाता येत नाही. डीहायड्रोएपिअँड्रोस्टेरोन, संक्षेपाने डीएचईए, हे ते धान असून त्याचे सल्फेट रूप रक्तात टेस्टोस्टेरोनच्या मानाने शेकडो पटींनी अधिक असते. उतारवयात त्याचे प्रमाण घटते, पण संपत नाही. आणि वृषणे काढल्याने त्यास काहीच बाध येत नाही. स्वतः डीएचईए ग्राहीस जागे करण्यास जवळजवळ असमर्थ आहे. परंतु ज्या घरी गिरणी आहे त्या घरी धान पोचले की तांदूळ तयार होतो, आणि प्रगत कर्करोगाच्या कोशिकांत ही गिरणी बसलेली असते.

या गिरणीची यंत्रे, म्हणजे एंझाइमे, थोडक्यात अशी. पहिले थ्री-बीटा-हायड्रॉक्सिस्टेरॉइड डीहायड्रोजनेज हे डीएचईएचे अँड्रोस्टीनडायोन करते. दुसरे एकेआर१सी३ हे अँड्रोस्टीनडायोनचे टेस्टोस्टेरोन करते. प्रगत रोगाच्या अस्थिमज्जेतील तुकड्यांत त्याचे जनुक मोठ्या प्रमाणावर व्यक्त झालेले असते, हे २००६ मध्ये स्टॅनब्रो व सहकाऱ्यांनी दाखविले. तिसरे फाइव्ह-अल्फा-रिडक्टेज हे टेस्टोस्टेरोनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरोन करते. निरोगी ग्रंथीत या तिसऱ्या एंझाइमाचा दुसरा प्रकार प्रबळ असतो. रोग वाढतो तसा तो मागे पडून पहिला प्रकार पुढे येतो. हा बदल वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु पहिल्या प्रकारास टेस्टोस्टेरोनपेक्षा अँड्रोस्टीनडायोन अधिक मानवते, आणि त्यामुळे रसायनाची वाटच बदलते. नीमा शरीफी यांच्या प्रयोगशाळेने २०११ मध्ये दाखविल्याप्रमाणे अर्बुदात अँड्रोस्टीनडायोन प्रथम अँड्रोस्टेनडायोन या जवळच्या, पण हायड्रोजनयुक्त रूपात जाते व तेथून थेट डायहायड्रोटेस्टोस्टेरोन बनते. टेस्टोस्टेरोन या स्थानकावर गाडी थांबतच नाही. पाठ्यपुस्तकांत नेहमी काढला जाणारा सरळ आराखडा येथे लागू पडत नाही, हे पदव्युत्तर विद्यार्थ्याने विशेषकरून ध्यानात ठेवावे. ऊतकात टेस्टोस्टेरोन कमी आढळले एवढ्यावरून गिरणी बंद आहे असे अनुमान काढणे धोक्याचे होय.

याच प्रयोगशाळेने २०१३ मध्ये आणखी एक सूक्ष्म गोष्ट उजेडात आणली. वर उल्लेखिलेले पहिले एंझाइम तयार करणाऱ्या एचएसडी३बी१ या जनुकात एकाच अक्षराचा एक फरक काही माणसांत जन्मतःच असतो. त्यामुळे प्रथिनातील ३६७ व्या जागी अ‍ॅस्पॅराजिनऐवजी थ्रिओनिन येते. एंझाइमाची काम करण्याची गती यामुळे वाढत नाही. पण कोशिका जुनी प्रथिने मोडीत काढण्यासाठी त्यांवर जी खूण करते ती या एंझाइमावर नीट उमटत नाही, ते लवकर मोडीत निघत नाही व कोशिकेत साचत जाते. यंत्र जुनेच, पण झिजत नाही. असे जनुक-रूप वारशाने मिळालेल्या रुग्णांत वृषणे काढल्यानंतर रोग लवकर उठतो, असे पुढील अनेक अभ्यासांत दिसले आहे. एकाच शस्त्रक्रियेने एक शेतकरी दहा वर्षे चालता-फिरता राहतो व दुसरा वर्षभरात पुन्हा अंथरूण धरतो, याच्या अनेक कारणांपैकी हे एक असू शकते.

अर्बुद केवळ परक्याचे धान भरडते की स्वतःच्या बांधीत पीकही घेते, हा यापुढचा वाद. २००८ मध्ये उंदरांत वाढविलेल्या मानवी अर्बुदावर जेनिफर लॉक व सहकाऱ्यांनी प्रयोग केला. किरणोत्सर्गी खूण केलेले अ‍ॅसिटिक आम्ल त्या ऊतकास दिले असता त्याची खूण अखेर डायहायड्रोटेस्टोस्टेरोनमध्ये सापडली. म्हणजे अगदी प्राथमिक द्रव्यापासून कोलेस्टेरॉल, त्यापासून प्रेग्नेनोलोन व पुढची सारी साखळी अर्बुद चालवू शकते. शक्यता सिद्ध झाली हे खरे. परंतु शक्यता आणि रोग्याच्या शरीरातील प्रमाण या भिन्न गोष्टी आहेत. कोलेस्टेरॉलपासून आरंभ करण्यास लागणारी एंझाइमे रुग्णांच्या ऊतकांत बहुधा अल्प आढळतात, तर डीएचईए मुबलक असते. घरी आयते धान येत असता नांगर धरण्याचे प्रयोजन काय, असा विचार केल्यास अधिवृक्कातून येणाऱ्या द्रव्याचे रूपांतर हाच मुख्य मार्ग होय, हे मत अधिक ग्राह्य ठरते. अधिवृक्काचा पुरवठाही औषधाने तोडल्यावर दुसऱ्या मार्गाचे महत्त्व वाढत असावे. यात २०२१ मध्ये एक अनपेक्षित भर पडली. वृषणविरहित प्राण्यांच्या आतड्यातील काही जीवाणू प्रेग्नेनोलोनपासून पौरुषजन बनवितात व ते रक्तात शोषले जाते, असे पेर्निगोनी व सहकाऱ्यांना आढळले. पुरवठ्याच्या वाटा अशा अनेक आहेत.

अष्ठीला ग्रंथी स्वतः संप्रेरके निर्माण करते हा विचार महाराष्ट्रात वेगळ्या बाजूने आधीच येऊन गेला होता, हे येथे नोंदविणे उचित आहे. मुंबईत परळ येथे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची प्रजनन-संशोधन संस्था आहे. आज ती राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तेथे डॉ. ए. आर. शेठ व त्यांचे सहकारी वीर्यद्रवातील एका लहान प्रथिनाचा अभ्यास करीत होते. पोष ग्रंथीच्या एफएसएच या संप्रेरकाचे स्रवण ते रोखते असे त्यांना दिसले, म्हणून त्यास इन्हिबिनाच्या वर्गात घालण्यात आले. १९८४ मध्ये कॅनडातील शास्त्रज्ञांच्या सहकार्याने त्याचा ९४ अ‍ॅमिनो आम्लांचा संपूर्ण क्रम निश्चित झाला. पुढे १९९१ मध्ये याच गटाने असे प्रतिपादन केले की, एफएसएच हे पोष ग्रंथीचे म्हणून गणले जाणारे संप्रेरक अष्ठीला ग्रंथीतही नव्याने तयार होते. या कार्याचा एक भाग काळाच्या कसोटीस उतरला नाही. खरे इन्हिबिन जननग्रंथींतील असून त्याची रचना अगदी निराळी आहे हे १९८५ च्या सुमारास स्पष्ट झाले, आणि परळच्या प्रथिनास आज बीटा-मायक्रोसेमिनोप्रोटीन म्हणतात. पण प्रथिन विस्मृतीत गेले नाही. रोग प्रगत होत जातो तशी त्याची निर्मिती घटते, आणि त्याच्या जनुकाजवळील एका जन्मजात फरकाचा या कर्करोगाच्या संभवाशी संबंध असल्याचे २००८ मध्ये अनेक देशांतील लोकांच्या जनुकीय पाहणीतून निष्पन्न झाले. ग्रंथीकडे केवळ बाहेरची आज्ञा पाळणारा अवयव म्हणून न पाहता तिचा स्वतःचा अंतःस्रावी व्यवहार शोधावा, ही दृष्टी त्या काळी फार थोड्यांची होती.

आता औषधाकडे. डीएचईए मुळातच तयार होऊ नये यासाठी त्याच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे सीवायपी१७ए१ या एंझाइमावर, घाव घालावा लागतो. बुरशीवरील केटोकोनाझोल या औषधाने हे काही अंशी साधते असा अनुभव होता. त्या धाग्यावरून लंडन येथील कर्करोग संशोधन संस्थेत १९९० नंतर ॲबिराटेरोन हे द्रव्य घडविण्यात आले. संप्रेरक-निरपेक्ष हे नाव इतके रूढ होते की, अशा औषधाचे प्रयोजन कित्येकांना पटेना आणि त्याची प्रगती बरीच वर्षे मंदावली. अखेर रसायनोपचार झालेल्या १,१९५ रुग्णांवरील चाचणीत औषध घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १४.८ महिने, तर न घेणाऱ्यांचे १०.९ महिने आढळले, व २०११ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी हेच औषध रोगाच्या आरंभीच, पहिल्या उपचारासोबत दिल्यास लाभ कितीतरी अधिक होतो असे दाखविले. त्या जुन्या नावाऐवजी आता ‘वृषणछेद-प्रतिरोधी’ अशी संज्ञा वापरतात. ती अवजड आहे, पण तीत खोटे काही नाही.

अर्बुद यावरही तोडगा काढते. वृषणे काढल्यानंतर पुन्हा उठलेल्या सुमारे ३० टक्के अर्बुदांत ग्राहीच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात, हे व्हिसाकोर्पी यांनी १९९५ मध्येच सांगितले होते. ग्राही जास्त म्हणजे थोड्या संप्रेरकावरही निभाव लागतो. काही कोशिका संप्रेरक जेथे चिकटते तो भागच नसलेले आखूड ग्राही बनवितात. असे ग्राही संप्रेरकाविनाच जागे असते, आणि त्यापुढे ॲबिराटेरोनचा काही इलाज चालत नाही. ज्या रोगास पूर्वी सरसकट निरपेक्ष म्हटले जात असे त्यापैकी हा भाग मात्र खरोखरच निरपेक्ष होय. दोहोंतला भेद रुग्णागणिक करणे हे आजच्या संशोधनाचे एक मोठे काम आहे.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी मोजमापाविषयी सावध असणे अवश्य आहे. वृषणछेदानंतरचे टेस्टोस्टेरोन रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमच्या खाली असावे हा संकेत जुन्या मापनपद्धतींच्या मर्यादेतून आलेला आहे. नेहमीच्या प्रतिपिंडाधिष्ठित चाचण्या इतक्या खालच्या पातळीवर सदृश स्टेरॉइडांची गफलत करतात; तेथे द्रव-वर्णलेखन व वस्तुमान-वर्णपटमापन यांची जोड लागते. ऊतकाचा प्रश्न याहून बिकट. रोग बहुधा हाडात असतो, हाडातून तुकडा काढणे कष्टाचे, आणि तो निघाला तरी एका मणक्यातील प्रमाण दुसऱ्या मणक्यास लागू पडेलच असे नाही.

अड्याळच्या रुग्णास मात्र यातील एक रासायनिक तपशील प्रत्यक्ष उपयोगी पडण्याजोगा आहे. ॲबिराटेरोन तेलकट अन्नासोबत कितीतरी अधिक शोषले जाते. स्निग्ध जेवणाबरोबर घेतल्यास रक्तातील एकूण प्रमाण उपाशीपोटी घेतल्यापेक्षा सुमारे दहापट होते. म्हणून १,००० मिलिग्रॅमची नेहमीची मात्रा उपाशीपोटीच घ्यावयाची असते. शिकागोच्या रसेल स्मुलेविट्झ यांनी या दोषाचाच उपयोग करून पाहिला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७२ रुग्णांच्या चाचणीत, हलक्या न्याहारीबरोबर घेतलेली २५० मिलिग्रॅमची मात्रा ही पीएसए उतरविण्यात पूर्ण मात्रेच्या मागे पडली नाही. चाचणी लहान होती व तिने आयुर्मान मोजलेले नव्हते, ही मर्यादा डॉक्टरने रुग्णापुढे ठेवावयास हवी. तरीही भारतात अनेक कंपन्या हे औषध बनवीत असूनही ज्याला महिन्याचा खर्च झेपत नाही, त्याच्या दृष्टीने चौथा हिस्सा मात्रा म्हणजे उपचार चालू राहणे वा बंद पडणे यांतील अंतर होय. मात्रेची ही निवड डॉक्टरनेच करावयाची. पूर्ण मात्रा लिहून दिलेली असता ती जेवणाबरोबर घेणे, किंवा काटकसर म्हणून घरच्या घरी गोळ्या कमी करणे, या दोन्ही गोष्टी घातक ठरू शकतात, आणि हे औषध लिहून देतानाच मराठीत समजावून सांगणे जरूर आहे.

दुसरी गोष्ट प्रेडनिसोलोनची. सीवायपी१७ए१ अडविले की कॉर्टिसॉलही घटते. ते घटले म्हणजे पोष ग्रंथी अधिवृक्कास अधिक जोराने हाकते, आणि पौरुषजनाची वाट बंद असल्याने सारा ओघ क्षार राखणाऱ्या स्टेरॉइडांकडे वळतो. परिणामी रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरते, पायांवर सूज येते. सोबत दिलेली प्रेडनिसोलोनची लहान गोळी हा ओघ थोपविते. ती ‘ताकदीची गोळी’ समजून वगळण्याकडे रुग्णांचा कल असतो. रक्तदाब व पोटॅशियम पाहण्यासाठी दर खेपेस नागपूर गाठण्याचे कारण नाही. गावाजवळच्या दवाखान्यात रक्तदाब घेता येतो, आणि रक्ताचा नमुना भंडाऱ्यास तपासता येतो. पहिले काही महिने ही तपासणी वारंवार करावी लागते. वृषणे काढलेली असली तरी ती काढल्याने अधिवृक्काचा पुरवठा थांबलेला नाही, आणि म्हणूनच शस्त्रक्रियेनंतरही औषधाची गरज पडते, एवढे रुग्णाच्या मुलास समजले म्हणजे ही पथ्ये त्याला निष्कारण वाटत नाहीत.